हिप्स तडकतंय? रबर वाढवण्याआधी हे वाचा

दोन पट्ट्या घ्या. एक क्रिस्टलची, म्हणजे साध्या पारदर्शक पॉलिस्टायरीनची. दुसरी हिप्सची, म्हणजे रबर असलेल्या हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनची. क्रिस्टलची पट्टी जराशी वाकते आणि टक्कन तुटते. तुटलेला काठ काचेसारखा धारदार असतो. हिप्सची पट्टी वाकलेल्या जागी आधी पांढुरकी होते, मग आणखी वाकते, आणि तुटायला बराच वेळ घेते. तो पांढरा पट्टा नीट बघून ठेवा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्याच्याभोवती फिरतं.

मी कंपाउंडिंग (प्लॅस्टिकमध्ये रंग, रबर वगैरे मिसळून दाणा करणं) आणि मोल्डिंगच्या (दाणा वितळवून साच्यात नग काढणं) कामात आहे. शॉपवर नव्याने आलेली मुलंमुली आणि पहिलंच मशीन घेतलेले छोटे कारखानदार माझ्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: "माल तडकतोय, रबर किती टक्के घालू?" हिप्सच्या दाण्यात रबर मुळातच असतं, आणि बहुतेक वेळा ते पुरेसंही असतं. ते आपलं काम का करत नाहीये हे आधी शोधायचं असतं. बाहेरून काही घालायची वेळ सगळ्यात शेवटी येते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडू नका, पैसे वाचतील.

आधी दाण्याच्या आत काय आहे ते समजून घेऊ

हिप्स म्हणजे क्रिस्टल दाणा आणि रबर मशीनमध्ये एकत्र मळून केलेला माल, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. कारखान्यात पॉलिब्युटाडाइन रबर आधी द्रवरूप स्टायरीनमध्ये विरघळवतात. वजनाने साधारण ६ ते ८ टक्के. मग ढवळत ढवळत स्टायरीनचं पॉलिस्टायरीन करायला सुरुवात होते. पहिल्यांदा रबराच्या द्रावणात पॉलिस्टायरीनचे थेंब तयार होतात. ते वाढत जातात आणि एका क्षणी बाजू पालटते: आता पॉलिस्टायरीनच्या द्रावणात रबराचे थेंब तरंगू लागतात. या पालटण्याच्या वेळी ढवळणं किती जोरात आहे, यावर थेंबांचा आकार ठरतो. ढवळलंच नाही तर ही पालट नीट होत नाही. रबर स्टायरीनमध्ये विरघळवून मग त्याचं पॉलिमर करायची कल्पना ऑस्ट्रोमिस्लेन्स्की यांनी १९२७ च्या पेटंटमध्ये मांडली होती. पण ढवळत करण्याच्या पद्धतीचं डाऊ कंपनीच्या एमॉस, मॅकर्डी आणि मॅकिन्टायर यांचं पेटंट आलं १९५४ मध्ये. आजचा हिप्स दाणा त्याच वाटेने बनतो. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ सुप्रीम पेट्रोकेमचा पॉलिस्टायरीनचा कारखाना आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक मोल्डिंग शॉपमध्ये तिथला दाणा मशीनच्या तोंडावरच्या हॉपरमध्ये पडतो.

या थेंबांची खरी गंमत पोटात असते. प्रत्येक थेंबाच्या आत पॉलिस्टायरीनचे बारीक गोळे अडकून बसलेले असतात. सीताफळ डोळ्यांसमोर आणा: आत गर भरलेल्या पाकळ्या आणि त्यांच्यामधून जाणारा पातळ पडदा. पडदा रबराचा, पाकळ्या पॉलिस्टायरीनच्या. म्हणून वजनाने ६ ते ८ टक्के असलेलं रबर आतमध्ये २० ते ३० टक्के जागा व्यापतं. थोड्या रबरात जास्त काम होतं ते यामुळे. शिवाय पॉलिस्टायरीनच्या काही साखळ्या (म्हणजे लांब रेणू) रबराच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडलेल्या असतात, त्याला ग्राफ्टिंग म्हणतात. थेंब बाजूच्या प्लॅस्टिकला घट्ट धरून राहतो तो त्याच्या जोरावर.

आता तो पांढरा पट्टा. ताण आला की प्रत्येक रबरी कणाच्या कडेला क्रेझ निघतात. क्रेझ म्हणजे पुरता तडा नसतो. तिचे दोन काठ प्लॅस्टिकच्याच अतिशय बारीक धाग्यांनी एकमेकांना धरून असतात, आणि ते धागे ओढले जाताना माराची ताकद खर्च होते. क्रिस्टलमध्ये अशा मोजक्याच क्रेझ निघतात. त्यातली एखादी लगेच तडा बनते आणि सगळं संपतं. हिप्समध्ये लाखो कणांपाशी एकाच वेळी बारीक बारीक क्रेझ निघतात आणि पुढच्या कणापाशी जाऊन थांबतात. मार एका जागी न पडता वाटला जातो. या क्रेझवरून प्रकाश विखुरतो म्हणून जागा पांढरी दिसते. हा उलगडा बकनॉल आणि स्मिथ यांनी १९६५ मध्ये केला.

कण किती मोठे हवेत, यालाही उत्तर आहे. पॉलिस्टायरीनसाठी साधारण १ ते ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून फार बारीक कण क्रेझ थांबवू शकत नाहीत. फार मोठे झाले तर तेवढ्याच रबरात त्यांची संख्या घटते आणि पृष्ठभागाची चमकही जाते. एबीएस या रबर असलेल्या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये कण बरेच बारीक असतात, अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. म्हणून एबीएसचा अनुभव हिप्सला जसाच्या तसा लावू नका.

आणि एक गोष्ट मनात पक्की करा. कणाचा आकार, त्याच्या पोटातला माल, ग्राफ्टिंग हे सगळं कारखान्यातच ठरून गेलेलं असतं. शेवटच्या टप्प्यात रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि कण पक्का होतो. तुमच्या बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या ज्या तापत्या नळीत दाणा वितळतो तिथे, तुम्ही तो सुधारू शकत नाही. बिघडवू मात्र नक्की शकता.

पायरी १ : तुटलेला तुकडा टाकून देऊ नका

तक्रार आली की पहिल्यांदा तुटलेला नग मागवा. फोटोवर भागवू नका. उजेडात धरा, जमल्यास दहापट भिंगातून बघा.

तुटलेल्या जागेजवळ पांढरेपणा आहे का? असेल तर रबराने काम केलंय; मार खरंच जास्त होता, किंवा भिंत पातळ पडली. पांढरेपणा अजिबात नाही आणि काठ काचेसारखा आहे, तर रबर कामाला लागायच्या आधीच तडा धावला. मग कारण रबराच्या प्रमाणात नसून दुसरीकडे आहे.

तडा कुठून निघाला? आतल्या काटकोनी कोपऱ्यातून, स्क्रूच्या भोकापासून, गेटजवळून (रस साच्यात शिरतो ते तोंड), की दोन प्रवाह जुळतात त्या वेल्ड लाइनवरून? तडा निघतो त्या ठिकाणी पृष्ठभाग बहुधा गुळगुळीत आरशासारखा असतो आणि तिथून रेषा पंख्यासारख्या पसरतात. दोन-चार नग पाहिलेत की डोळा बसतो.

नखाने काठ खरवडून बघा. पापुद्रा सुटतोय का? कांद्यासारखे थर निघत असतील तर दाण्यात परकं प्लॅस्टिक मिसळलंय. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण हा प्रकार मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय.

वास घ्या, हात फिरवा. तेलकट लागतंय का? तेलाने तडकलेला नग आणि आदळून तडकलेला नग यांची औषधं वेगळी.

पायरी २ : हे हिप्सच आहे ना?

नवीन पोत्याचा माल असेल तर ही पायरी सोडा. रीग्राइंड (आपलाच वाया गेलेला माल दळून परत वापरलेला) किंवा भंगारातला माल असेल तर कधीही सोडू नका.

घनतेवरून हिप्स आणि एबीएस वेगळे करणं अवघड आहे, दोन्ही १.०४-१.०५ च्या घरात. पीपी (पॉलिप्रोपिलीन) मात्र पाण्यावर तरंगतं, तेवढं वेगळं काढता येतं. एबीएसचा तुकडा ॲसिटोनमध्ये ठेवला की लवकरच चिकट लगदा होऊन विरघळू लागतो. हिप्स त्यात फुगतं, मऊ पडतं, पण तसं विरघळत नाही. टोल्युइनमध्ये हिप्सचं पॉलिस्टायरीन विरघळतं आणि रबराचा फुगलेला जेल मागे राहून द्रावण दुधाळ दिसतं. क्रिस्टल असेल तर द्रावण स्वच्छ. ही तपासणी खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून करा. आसपास ज्योत, हीटर, बिडी काही नको.

एबीएस आणि हिप्स नावाने भाऊ वाटतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. हिप्समध्ये थोडं एबीएस गेलं तर "एबीएस भारी, म्हणजे माल मजबूतच होईल" असं समजू नका. होतं ते उलटं.

पायरी ३ : आकडा काढा

मोजल्याशिवाय सुधारणा झाली की नाही हे कळत नाही. हाताने आपटून "आता बरं वाटतंय" यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही, कारण आपटणारा हात रोज वेगळा असतो.

दाण्याच्या माहितीपत्रकात आयझॉडचा आकडा असतो. पट्टीला खाच पाडून, ती उभी पकडून, लोलकाने मारतात. तुटताना किती ऊर्जा गेली ते मोजतात. ढोबळमानाने क्रिस्टलचा खाचेचा आयझॉड २० जूल प्रति मीटरच्या आसपास, आणि हिप्सचा ग्रेडप्रमाणे ६० पासून १०० च्या वर. जुन्या पत्रकांत वेगळी मापं दिसतात, म्हणून दोन गुणक लिहून ठेवा: १ फूट-पाउंड प्रति इंच म्हणजे ५३.४ जूल प्रति मीटर, आणि १ किलोग्रॅम-सेंटिमीटर प्रति सेंटिमीटर म्हणजे ९.८. आयएसओची मापं किलोजूल प्रति चौरस मीटरमध्ये येतात. त्यांची जूल प्रति मीटरशी थेट तुलना करू नका, पट्टीचं माप आणि हिशेब दोन्ही वेगळे आहेत.

खाच पाडणारं पातं बोथट झालं तर आकडा खोटा येतो. खाचेच्या टोकाची गोलाई ०.२५ मिमी असायला हवी. पट्ट्या २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत किमान ४० तास ठेवायच्या, मग मारायच्या. आज सकाळी काढलेली पट्टी दुपारी मारून कालच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आयझॉडचं यंत्र सगळ्यांकडे नसतं, त्याची गरजही नाही. वजन टाकून करायची चाचणी शॉपमध्येच जमते आणि खऱ्या नगावर करता येते, म्हणून मला ती जास्त आवडते. दोन-तीन इंच व्यासाचा सरळ पाइप उभा बसवा, त्यावर दर ५ सेंटिमीटरला खूण करा. अर्धा किलोचं गोल टोकाचं पोलादी वजन घ्या. नग खाली लोखंडी कड्यावर ठेवा, म्हणजे मधला भाग अधांतरी राहील. अर्धा किलो १ मीटरवरून पडलं की साधारण ४.९ जूल. पहिला नग तुटला तर पुढच्याला एक खूण खाली या. नाही तुटला तर एक खूण वर जा. असे २० नग मारा आणि उंचीची सरासरी काढा. प्रत्येक नगाला एकदाच मारायचं. पहिल्या मारात टिकलेल्या नगात क्रेझ आधीच पडलेल्या असतात, त्याला परत मारलं तर तो हकनाक नापास होतो. डोळ्यांवर गॉगल लागतोच.

पायरी ४ : मशीनवरची गळती बंद करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चांगल्या दाण्याचा चिवटपणा मशीनवर चार ठिकाणी गळतो, आणि त्यातलं एकही ठिकाण रबर घालून बुजत नाही.

पहिलं ठिकाण उष्णता. हिप्सच्या रसाचं तापमान २०० ते २४० अंशांत ठेवा. पॉलिब्युटाडाइनमध्ये दुहेरी बंध शिल्लक असतात. फार तापवलं, किंवा बॅरलमध्ये फार वेळ ठेवलं, की ते एकमेकांना बांधले जातात, हवेशी जळतात, आणि रबर कडक होतं. कडक रबर क्रेझ काढूही शकत नाही, थांबवूही शकत नाही. माल पिवळट दिसला तर समजा हे सुरू झालंय. मी स्वतः एकदा पातळ भिंतीचं झाकण भरत नाही म्हणून दर शिफ्टला तापमान थोडं थोडं चढवत गेलो. झाकण भरलं, चकाकलं, आणि पॅकिंगच्या टेबलावरून पडून फुटू लागलं. गेट थोडा मोठा केला, तापमान परत खाली आणलं, आणि तोच दाणा टिकला. दाण्याला दोष देत मी तीन दिवस घालवले होते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. बॅरलमध्ये ४०० ग्रॅम माल मावतो, शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) २० ग्रॅमचा, सायकल (एका शॉटला लागणारा वेळ) ४० सेकंदांची. म्हणजे दाणा २० सायकली आत राहतो, ८०० सेकंद, तेरा मिनिटांहून जास्त. छोटा नग मोठ्या मशीनवर लावला की हे होतं. नग योग्य मशीनवर न्या. ते शक्य नसेल तर बॅरलच्या मागच्या झोनचं तापमान खाली आणा, आणि जेवणाच्या सुट्टीत बॅरल गरम सोडून जाऊ नका. सुट्टीनंतरचे पहिले शॉट बाजूला काढा.

दुसरं ठिकाण मास्टरबॅच, म्हणजे रंगासाठी किंवा भरीसाठी मिसळायचा दाट दाणा. एका गिऱ्हाइकाकडे पंख्याच्या मागची जाळी तडकत होती. त्यांनी दाण्याचा ग्रेड दोनदा बदलला, महागडं रबर घातलं, काही फरक नाही. मी तुटलेला काठ नखाने ओढला तर कागदासारखा पापुद्रा निघाला. काळ्या रंगाचं मास्टरबॅच स्वस्तातलं होतं, त्याचा आधार, म्हणजे रंग ज्या प्लॅस्टिकमध्ये मुरवलेला असतो ते, पॉलिएथिलीनचा. पॉलिएथिलीन आणि पॉलिस्टायरीन एकजीव होत नाहीत. प्रवाहात ते चपटे थर होऊन बसतात आणि प्रत्येक थर तड्याला तयार वाट देतो. पॉलिस्टायरीन आधाराचं मास्टरबॅच लावलं आणि तक्रार तिथेच मिटली. तेव्हा पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारा: आधार कशाचा आहे? 'सगळ्याला चालतं' या उत्तरावर समाधान मानू नका. कॅल्शियमची फिलर मास्टरबॅच तर दोन्हीकडून मारते. एक तर भुकटीचे कण तड्याला जागा देतात, आणि आधार बहुधा पॉलिएथिलीनचा किंवा पीपीचा असतो. आधी त्याच मशीनवर पीपी चाललं असेल तर पर्जिंग (बॅरलमधला जुना माल ढकलून काढणं) पुरेसं झालंय का तेही बघा.

तिसरं, रीग्राइंड. स्वच्छ रनर (साच्यातल्या वाटांमध्ये गोठलेला माल) लगेच दळून, चाळून, नव्या दाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळला तर हिप्स ते सहन करतं. मी २० टक्क्यांच्या वर जात नाही, आणि मुख्य म्हणजे रोज तेच प्रमाण ठेवतो. बिघाड करते ती बोथट पात्यांनी पडणारी भुकटी. ती बॅरलमध्ये आधी वितळते, जळते, काळे ठिपके होऊन नगात बसते. प्रत्येक काळा ठिपका म्हणजे तयार खाच. चाळणी लावा.

चौथं, साच्यात गोठलेला ताण. फार थंड साचा, फार जोराचं पॅकिंग (साचा भरल्यावर रस दाबून धरणं), फार हळू भरणं, यांमुळे साखळ्या ताणलेल्या अवस्थेत गोठतात. नग प्रवाहाच्या दिशेने मजबूत आणि आडव्या दिशेने कमजोर होतो. माहितीपत्रकातल्या आयझॉड पट्ट्या लांबीच्या दिशेने भरलेल्या असतात, म्हणून तो आकडा छान दिसतो. तुमच्या नगाला मार आडवा बसला तर तेवढी ताकद मिळणार नाही. साचा ४० ते ६० अंशांवर ठेवून बघा, पॅकिंगचा दाब पायरीपायरीने उतरवा, वजन टाकायच्या चाचणीने मोजत राहा. आणि सिलिकॉनचा स्प्रे सतत मारत राहण्याची सवय सोडा. तो वेल्ड लाइनमध्ये शिरला की तिथे जोडच बसत नाही.

दाणा सुकवण्याबद्दल नवखे लोक खूप विचारतात. हिप्स पाणी फार कमी ओढतं. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं असेल तर ७०-८० अंशांवर दोनेक तास द्या, म्हणजे पृष्ठभागावर चंदेरी रेघा येणार नाहीत. तडकण्याशी याचा फारसा संबंध नाही.

पायरी ५ : कोपरे गोल करा

साचा बनवणाऱ्या टूलरूमवाल्यांना सांगताना संकोच करू नका. आतला काटकोनी कोपरा म्हणजे आयझॉडची खाचच, आपणच साच्यात कोरून ठेवलेली. आतल्या कोपऱ्याची गोलाई भिंतीच्या जाडीच्या निदान निम्मी हवी, २.५ मिमी भिंतीला सव्वा मिमी. बऱ्याच नगांत एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो तो कुठल्याही दाण्याने पडत नाही. रिबच्या (आधाराच्या उभ्या पट्टीच्या) मुळाशी, स्क्रूच्या बॉसच्या (स्क्रू बसतो त्या खांबाच्या) पायाशी, पकडीच्या खुंटीपाशी आधी बघा. मार बसणाऱ्या जागेवर गेट आणि वेल्ड लाइन येणार नाही, हे साचा बनवायच्या आधी ठरवायचं. नंतर ते महाग पडतं.

पायरी ६ : ग्रेड बदला

वरचं सगळं करूनही आकडा कमी पडतोय, तर जास्त इम्पॅक्टचा ग्रेड घ्या. पत्रकात फक्त आयझॉड बघू नका. त्याच पानावर मेल्ट फ्लो (वितळलेला माल किती सहज वाहतो याचं माप) असतो, २०० अंश आणि ५ किलोवर मोजलेला. फार पातळ वाहणारा ग्रेड बहुधा चिवटपणात कमी पडतो, कारण त्यात साखळ्या आखूड असतात किंवा मिनरल ऑइल जास्त असतं. ऑइलने उष्णता सोसायची ताकदही उतरते. गरम जागी बसणारा नग असेल तर वायकॅटचा आकडा (माल किती अंशांवर मऊ पडतो तो) तपासा. तुमच्या नगाला खरंच जेवढा प्रवाह लागतो तेवढाच घ्या.

जर तुम्ही क्रिस्टल आणि हिप्स मिसळून चालवत असाल, तर स्वस्तात चिवटपणा मिळवायचा पहिला उपाय क्रिस्टल कमी करणं हाच आहे.

पायरी ७ : आता एसबीएस

एवढं झाल्यावर, किंवा रिसायकल माल उठवायचा असेल तर, बाहेरून रबर घालायचं. कोणतं? स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीन, म्हणजे एसबीएस. याच्या साखळीची दोन्ही टोकं पॉलिस्टायरीनची आणि मधला भाग रबराचा. टोकं हिप्समधल्या पॉलिस्टायरीनमध्ये मिसळून जातात, मधलं रबर तिथे धरून ठेवलं जातं. म्हणून तो नुसत्या मळण्यानेही कामाला लागतो.

टायरची भुकटी मात्र घालू नका. स्वस्त मिळते म्हणून दरवर्षी कोणी ना कोणी हा प्रयोग करतंच. तिचे कण शेकडो मायक्रॉनचे, आधीच व्हल्कनाइझ झालेले (साखळ्या पक्क्या बांधलेले), पॉलिस्टायरीनशी कसलाही बंध नसलेले. ते क्रेझ वाटून घेत नाहीत, तड्याला जागा करून देतात.

एसबीएस घेताना तीन गोष्टी विचारा. स्टायरीन किती टक्के? ३० ते ४० मधला घ्या. तेल घातलेला आहे का? चपलेच्या सोलसाठीच्या ग्रेडमध्ये पुष्कळदा तेल असतं, बिनतेलाचा मागा. दाणा सच्छिद्र आहे की घट्ट? सच्छिद्र दाणा मिसळायला सोपा जातो.

चाचणीचे पाच लॉट लावा: ०, ३, ५, ८ आणि १० टक्के. शून्याचा लॉटसुद्धा त्याच एक्स्ट्रुडरमधून (माल वितळवून, मिसळून दोरा काढणारं यंत्र) काढा. एकदा जास्त वितळवल्याचा परिणाम त्याच्यावरही झाला पाहिजे, नाहीतर तुलना खोटी. दाणे आधी डब्यात नीट घोळवा. ट्विन स्क्रू असेल तर उत्तम. बॅरल १८० ते २२० अंश. ०.१ ते ०.२ टक्के अँटिऑक्सिडंट सोबत घाला, कारण या उष्णतेत ब्युटाडाइनला राखणीची गरज असते. व्हेंट (वाफ बाहेर जायचं तोंड) उघडा आणि धूर ओढणारा पंखा चालू हवा. स्टायरीनची वाफ डोळ्याला आणि डोक्याला त्रास देते. सिंगल स्क्रूवर करायचं तर मिसळणारा भाग असलेला स्क्रू वापरा, आणि दोरा तुटल्या जागी बघा: गाठी दिसल्या तर मिसळलेलं नाही.

मग पाचही लॉटच्या पट्ट्या आणि नग मारा, आणि सोबत वाकवण्याची ताकदही मोजा. एसबीएस वाढला की चिवटपणा वाढतो, पण नग मऊ पडतो, उष्णतेत लवकर बसतो, चमक बदलते. एका टप्प्यानंतर आकडा फार चढत नाही आणि मऊपणा मात्र वाढतच जातो. तिथे थांबायचं. नुसत्या क्रिस्टलमध्ये एसबीएस घालून हिप्स करायला जाल तर बराच जास्त लागेल आणि तरी ते सीताफळासारखे कण मिळणार नाहीत.

तेल आणि ऊन

फ्रिजचं आतलं पांढरं अस्तर बहुधा हिप्सचं असतं. दाराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे तुपाचा डबा ठेवतो, खोबरेल सांडतं, तिथे बारीक चिरा पडलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. कोणी काही आपटलेलं नसतं. आत गोठलेला ताण असतो आणि तेल क्रेझचे धागे सैल करतं. तडा हळूहळू चालत जातो. अस्तरामागच्या फोममधला वायूसुद्धा हेच करतो. यासाठी मोठ्या कणांचे खास ग्रेड मिळतात. स्वयंपाकघरातला नग असेल तर पट्टी वाकवून चापात अडकवा, तेल लावा, आणि दोन-तीन दिवस ठेवून कोरड्या पट्टीशी ताडून बघा. थंडीची मात्र काळजी नको. पॉलिब्युटाडाइन उणे ९० अंशांच्याही खाली गेल्यावरच काचेसारखं होतं, म्हणून फ्रीझरमध्येही हिप्स चिवटपणा बराच टिकवतं.

ऊन मात्र सोसत नाही. उन्हात त्या दुहेरी बंधांचं ऑक्सिडेशन होतं, वरची पातळ कातडी ठिसूळ होते, आणि कातडीत पडलेला तडा आतल्या चांगल्या मालातही घुसतो. नीट मिसळलेला कार्बन ब्लॅक बराच आधार देतो. गच्चीवर, अंगणात वर्षानुवर्षं राहणारी वस्तू असेल तर हिप्सचा हट्ट सोडा आणि एएसएसारखं, ज्याच्या रबरात दुहेरी बंध नाहीत असं, प्लॅस्टिक घ्या.

भंगारातला माल असेल तर

जुन्या टीव्हीच्या खोक्यांचा हिप्स स्वस्त मिळतो. त्यात बहुधा ब्रोमीनचं आगरोधक असतं. ते चिवटपणा कमी करतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशा मालाची खेळणी, डबे, चमचे कधीही करू नका. कितीही ऑर्डर असो. फ्रिजच्या अस्तराचा माल त्यामानाने बरा, पण त्याला फोम चिकटलेला असतो. तो खरवडून, धुऊन, वाळवून मगच दळा.

अशा मालाचं रबर आधीच म्हातारं झालेलं असतं, म्हणून इथे ५ ते ८ टक्के एसबीएस आणि अँटिऑक्सिडंटची जोडी उपयोगी पडते. प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणा काढून पट्टी मारून बघा. दोन पोती एकसारखी निघत नाहीत.

प्रत्येक चाचणीचे दोन न मारलेले नग आणि दोन तुटलेले तुकडे जिपच्या पिशवीत ठेवा. पिशवीवर दाण्याचा लॉट, मास्टरबॅचचा लॉट, रीग्राइंडचं प्रमाण, रसाचं मोजलेलं तापमान, सायकल आणि तारीख मार्करने लिहा. रसाचं तापमान म्हणजे सुई रसात खुपसून मोजलेलं. पॅनेलवर दिसतो तो आकडा बॅरलच्या पत्र्याचा असतो.